ससा गादीवर झोपत नाही, गादी खातो

बत्ताशाने आमची गोधडी खाल्ली ती २०२२ च्या गणपतीत. घरात पाहुणे, आरत्या, धूप, मोदकांची घाई, आणि दोन्ही ससे आतल्या खोलीत बंद. त्यांना एकटं वाटू नये, थंडी वाजू नये म्हणून (पुण्यात गणपतीत कसली डोंबलाची थंडी, पण तेव्हा मला ससे पाळून जेमतेम तीन महिने झाले होते) मी पिंजऱ्यात आईने दिलेली जुनी गोधडी घडी करून घातली. आजीच्या निळ्या लुगड्याची, मऊसूत, धुवून धुवून आणखी मऊ झालेली. मला वाटलं याहून चांगलं अंथरूण सशाला काय मिळणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बत्तासा कोथिंबिरीला तोंड लावेना. कोथिंबीर म्हणजे त्याचा जीव की प्राण, फ्रिज उघडल्याचा आवाज आला तरी धावत येणारा प्राणी हा, आणि आता कोपऱ्यात पाठ वर काढून बसलाय आणि दात करकरा वाजवतोय. मला वाटलं ढोलाला घाबरला असेल. रात्री ट्रे बघितला तर त्याच्या बाजूला एकही लेंडी नाही. सकाळी गोधडी उचलली तेव्हा मधोमध माझी मूठ जाईल एवढं भोक होतं, आणि कडेचा धावदोरा वीतभर गायब.

ससे पाळणाऱ्यांनी हे एक डोक्यात पक्कं ठेवा, ससा दहाबारा तास खात नसेल आणि लेंड्या टाकत नसेल तर ती इमर्जन्सी असते, उद्या बघू म्हणायचं नाही. सशाला उलटी करता येत नाही, त्याची रचनाच तशी नाही, त्यामुळे पोटात गेलं ते पुढेच जायला हवं, आणि पुढे सरकलं नाही की आतडी थांबतात, गॅस भरतो, आणि खेळ संपतो. आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला ससे-पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो, एक्स-रे काढला, नशिबाने पूर्ण अडकलेलं नव्हतं. सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, आतडी चालू करणारं औषध, आणि मग दोन दिवस मी दर तीन तासांनी सिरिंजने भरवत बसले. तिसऱ्या दिवशी लेंड्या आल्या त्या जपमाळेसारख्या, एकामागे एक ओवलेल्या, आणि दोरा निळा. आजीच्या लुगड्याचा.

डॉक्टर म्हणाल्या, 'तुम्ही त्याला अंथरूण दिलं, त्याने ते जेवण समजून खाल्लं, त्याचं काही चुकलं नाही.'

तेव्हापासून माझं बेडिंगबद्दलचं सगळं गणितच बदललं. दुकानात आपण काय करतो, हात फिरवून बघतो, मऊ लागतंय का, रंग कसा आहे, पिंजऱ्यात छान दिसेल का. सशाला यातलं काहीही कळत नाही. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला दोनेक मिलीमीटर, त्यामुळे समोर येईल ते कुरतडणं हा त्याचा धंदाच आहे. म्हणजे आपण जे काही अंथरणार ते कधी ना कधी त्याच्या पोटात जाणार हे धरूनच चालायचं. खाल्लं तर चालेल का हा पहिला प्रश्न, मऊ आहे का हा फार नंतरचा.

एक्स-रे काढला त्याच दिवशी डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, दुकानदाराने 'दोन्ही मेल आहेत मॅडम, भांडणार नाहीत, गॅरंटी' म्हणून दिलेला आमचा दुसरा ससा, गूळ, हा मुळात गूळ नव्हता. तेव्हापासून ती गुळी. दुसरी गोष्ट पायांची. त्यांनी बत्ताशाला उताणं न करता अलगद मांडीवर घेतलं, मागचे पाय बाहेर काढले आणि टाचेच्या जागेवरची फर बाजूला केली. आत लालसर टक्कल. दोन्ही पायांना.

हे मला माहीतच नव्हतं की कुत्र्या-मांजराच्या पंजाला खाली जशी गादी असते तशी सशाला नसते. तळव्याला नुसती फर, दाट फर, तेवढंच संरक्षण. आणि ससा बसतो तेव्हा मागचा पूर्ण लांब पाय टेकवून बसतो, त्यामुळे सगळं वजन टाचेवर येतं. आमचा पिंजरा तळाला तारेची जाळी असलेला. विकताना सांगितलं होतं, 'लेंड्या खाली ट्रेमध्ये पडतात, साफ करायला सोपं.' सोपं कोणाला, तर मला. त्याला चोवीस तास तारेवर उभं. जाळीने फर झिजते, मग कातडी लाल होते, मग फोड, मग जखम, आणि ती जखम चिघळली तर थेट हाडापर्यंत जाते आणि महिनोन्महिने बरी होत नाही. नखं वाढलेली असली तर आणखी वाईट कारण बोटं वर उचलली जातात आणि भार मागे टाचेवर जातो. वजनदार ससे, आणि ती रेक्स नावाची मखमली जात असते ना, त्यांना हा त्रास लवकर होतो, रेक्सला अशासाठी की तिच्या अंगावर वरचे राठ केस कमी असतात. आमचा बत्तासा साधाच पांढरा, लाल डोळ्यांचा, आपल्याकडे सगळीकडे मिळतो तो, न्यूझीलंड व्हाइट म्हणतात (नावात न्यूझीलंड असलं तरी ही जात अमेरिकेत तयार झाली), पण खादाड असल्यामुळे बोजड.

घरी आल्या आल्या नवऱ्याने पक्कड घेऊन जाळी काढून टाकली. आता खाली काय घालायचं?

इथून पुढचे दोन महिने मी जेवढे प्रयोग केले तेवढे स्वयंपाकघरातही केले नसतील.

पहिला पेपर. रद्दी घरात असतेच, फुकट, आणि शाईबद्दल मला जी भीती होती ती डॉक्टरांनी काढून टाकली, आजकालच्या काळ्या शाईने थोडं चघळलं तर काही होत नाही. पण नुसता पेपर घसरतो. ससा टाइल्सवर किंवा पेपरवर पळताना बघा, मागचे पाय फिसकटतात, आणि सशाची हाडं हलकी असतात, कंबर लचकायला वेळ लागत नाही. शिवाय मुख्य अंक बऱ्यापैकी शोषतो पण त्या चकचकीत पुरवण्या काडीचंही शोषत नाहीत, सगळी शू वर तळ्यासारखी साचून राहते, आणि पांढऱ्याशुभ्र सशाचे पाय आठवड्यात कोळशाच्या दुकानात काम केल्यासारखे काळे. तरी पेपर बाद नाही बरं का, सगळ्यात खालचा थर म्हणून आजही मी तोच घालते.

दुसरा प्रयोग भुशाचा. वरच्या मजल्यावर इंटिरियरचं काम चालू होतं, सुतारकाकांनी गोणीभर भुसा दिला, मी खूश. दोन दिवसांत दोघंही शिंकायला लागले. सशाच्या शिंकेला हसू येतं पण हसण्यासारखं काही नसतं, कारण ससा श्वास फक्त नाकाने घेतो, आपल्यासारखं तोंड उघडून घेत नाही, नाक चोंदलं की संपलं. आणि तो भुसा म्हणजे काय होता तर प्लायवूड आणि एमडीएफचा बारीक चुरा, त्यात डिंक नव्हे, फॉर्मल्डिहाइडवाला चिकटपदार्थ. सुतारकाकांचा काय दोष, त्यांना मी 'लाकडाचा भुसा' म्हणाले, त्यांनी दिला.

मग म्हटलं वखारीतून 'खरा' लाकडाचा आणू. तिथे दुसरा घोळ. आपल्याकडे पॅकिंगच्या खोक्यांना वापरतात ते बहुतेक चीड (म्हणजे पाइन) किंवा देवदार, ज्याचा तो मस्त वास येतो, नव्या कपाटासारखा. तो वासच गडबड आहे. चीड आणि देवदाराच्या ताज्या लाकडातून उडणारी तेलं नाकाला तर त्रास देतातच, वर लिव्हरवरही काम करतात. हे काही हल्लीचं फॅड नाही, १९६७ सालीच शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं की अशा लाकडाच्या भुशावर ठेवलेले प्रयोगशाळेतले उंदीर गुंगीचं औषध दिल्यावर नेहमीपेक्षा लवकर जागे होतात, कारण त्यांचं लिव्हर ते औषध भराभर फोडून टाकायला लागलेलं असतं. आता विचार करा, आपल्या सशाचं ऑपरेशन आहे, डॉक्टर भुलीचा हिशोब करतायत, आणि हा अंथरुणातूनच औषध पचवायची तालीम करून आलाय. भट्टीत सुकवलेल्या चिडाच्या लाकडातली ही तेलं बरीचशी निघून जातात, त्यामुळे तसे दाबून केलेले पेलेट चालतात. अ‍ॅस्पेन म्हणून एक लाकूड असतं ते तर सगळ्यात चांगलं म्हणतात, पण ते इथे मागवायचं म्हणजे त्यापेक्षा मी पाडव्याला सोनं घेईन.

मांजराच्या लिटरबद्दल (त्यांच्या संडासाच्या ट्रेमध्ये भरतात ते) एकच वाक्य, ते मातीचं ओलं झाल्यावर गोळा होणारं अजिबात आणू नका, ते सशाच्या पोटात गेलं की तिथेही गोळाच होतं. भाताचा तूस पोल्ट्रीवाले वापरतात म्हणून मैत्रिणीने सुचवला होता, तो हातावर घेऊन चोळून बघा, टोचतो, आणि धूळ वेगळीच.

दिवाळीला आई आली. आई विट्याकडची, माहेरी चार म्हशी, दोन बैल, सासरीही तेच. मी तिला मोठ्या कौतुकाने माझं संशोधन दाखवत होते, फोनवर सेव्ह केलेले फोटो, इम्पोर्टेड काय काय, आणि ती शांतपणे पिंजऱ्यात हात घालून खालचा पेपर चाचपत होती.

'ओलं हाय की हे.'

'अगं सकाळीच बदललंय.'

'सकाळी बदलू दे न्हाईतर रातच्याला. आत्ता ओलं हाय. जनावराच्या पायाखाली ओल ठेवायची नसती. खुरं कुजत्यात. गोठा मऊ कशाला लागतोय, गोठा कोरडा लागतोय.'

मग तिने मला गोठ्याचं शास्त्र सांगितलं, जे मी लहानपणी रोज बघितलं होतं आणि तरी सशाच्या बाबतीत एकदाही आठवलं नव्हतं. उतार कसा असतो, मूत कुठे वाहून जातं, म्हशीपुढे टाकलेल्या कडब्याची जी वैरण ती खात नाही, उष्टी राहते, तीच मागे पायाखाली पसरायची, वरून कोरडी, ओली झाली की काढायची आणि उकिरड्यात. खाणं आणि अंथरूण वेगळं नाहीच. मी ऐकता ऐकता थांबवलं तिला. अगं हेच तर! सशाचंही हेच आहे! ससा लेंड्या टाकता टाकता गवत खातो, खरंच, दोन्ही कामं एका वेळी, त्यामुळे त्याच्या संडासाच्या ट्रेमध्येच एका बाजूला गवत भरायचं असतं, तो तिथे जाऊन बसतो, चघळतो, आणि काम उरकतो. आणि त्याच्या खाण्याचा ऐंशी टक्क्यांच्या वर भाग वाळलेलं गवतच असायला हवा. म्हणजे जे खायचं तेच अंथरायचं. गोधडीची भानगडच नको.

आई म्हणाली, 'आमच्याकडं शेतात ससं असत्यात, ते कुठं गादीवर झोपत्यात?' यावर मात्र मी तिला उलट शिकवलं. आपल्या रानातला तो ससा वेगळाच प्राणी. तो बीळ करत नाही, गवतात नुसता खळगा करून बसतो, त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे. (आणि त्याला पकडून घरी आणणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, गावाकडच्या भाचरांना सांगा.) घरात पाळतात ते युरोपातल्या बिळं करणाऱ्या जातीचे वंशज. मराठीत दोघांनाही ससाच म्हणतो आपण म्हणून घोळ होतो. आमचा बत्तासा गोधडी जी खणत होता, पुढच्या दोन पायांनी खराखरा, ते त्याच्या दृष्टीने बीळच चाललं होतं. त्यामुळे त्याच्या अंथरुणाला खणणं पण सोसलं पाहिजे.

गवताचं सांगते. बाहेरचे लोक टिमोथी म्हणतात ते इथे मिळतं, पण इम्पोर्टेड, किलोला हजाराच्या आसपास जातं, ते खायला ठीक आहे, पायाखाली पसरायला जीव होत नाही. मी आता दोन प्रकारचं ठेवते. खायला मुख्य टिमोथी, आणि ट्रेमध्ये खाली भरायला मावळातून येणारा भाताचा पेंढा किंवा ओळखीच्या गोठ्यातून वाळलेलं मारवेल, हरळी असं साधं गवत. पेंढ्यात सत्त्व फारसं नसतं, पण खाल्लं तरी नुकसान नाही आणि पायाखाली छान फुगून राहतो. गव्हाचं काड आणलं होतं एकदा, ते दांडके कडक असतात, डोळ्याला लागायची भीती वाटली. गव्हाचं भुसकट तर नुसती धूळ. कडबा जाड, बत्ताशाने उसासारखा सोलून खाल्ला, अंथरूण म्हणून शून्य मार्क. आणि लसूणघास, जो गोठ्यात सगळ्यात भारी खाद्य समजला जातो, तो मोठ्या सशाला अंथरू नका, कारण तो सगळा खाऊन टाकेल आणि त्यात कॅल्शियम भरपूर. सशाचं कॅल्शियमचं तंत्र आपल्याहून उलटं आहे, खाण्यातलं जास्तीचं सगळं शूमधून बाहेर टाकतो, म्हणूनच त्याची शू वाळली की पांढरा खडूसारखा थर राहतो. जास्तच झालं तर मूत्राशयात गाळ साचतो. पिल्लांना, गाभण सशिणीला लसूणघास चालतो.

कुठलंही गवत आणलं की पहिलं काम मूठभर घेऊन नाकाशी धरायचं. चांगल्या गवताला कापणीनंतरच्या माळासारखा वास येतो. कुबट आला, काळे-पांढरे डाग दिसले, झटकल्यावर धूर उडाला तर सरळ परत. पावसाळ्यात मी पोतं कधीच जमिनीवर ठेवत नाही, जुन्या स्टुलावर ठेवते आणि प्लॅस्टिकमध्ये कोंबत तर नाहीच, कापडी खोळीत, नाहीतर आठवड्यात बुरशी.

तर आता आमच्याकडे पिंजरा असा नाहीच, बाल्कनीलगतच्या खोलीचा एक कोपरा कुंपण घालून दिलाय. सशाला संडासाची जागा शिकवावी लागत नाही, तो स्वतःच एक कोपरा ठरवतो, आपण मुकाट्याने ट्रे तिथे नेऊन ठेवायचा. मी तीन आठवडे ट्रे माझ्या सोयीच्या कोपऱ्यात ठेवत होते आणि बत्तासा त्याच्या सोयीच्या कोपऱ्यात जात होता, शेवटी मी हरले. दोघांची नसबंदीची ऑपरेशनं झाल्यावर तर इकडेतिकडे शिंपडणंही जवळपास बंद झालं. ट्रे म्हणजे मांजराचा छोटा नव्हे, घरातलं मोठं घमेलं असतं तेवढा तरी हवा, दोघं शेजारी बसतात. त्यात खाली पेपर, त्यावर दोन बोटं कागदाचे पेलेट (हे पाणी पडलं की फुगतात आणि वास धरून ठेवतात, त्यात सुगंधवाले येतात ते नको), आणि वर पेंढा. ओलं खाली जातं, पाय वर कोरडे. आई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली, 'आता गोठा झाला.'

वासाबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. आपल्याला खोलीत शिरल्यावर अमोनियाचा वास आला म्हणजे आपल्या नाकाला आला, पाच फुटांवर. सशाचं नाक ट्रेपासून दोन इंचांवर असतं. आपल्याला येईपर्यंत तो कधीपासूनचा त्यात श्वास घेत असतो. म्हणून मी वासाची वाट बघत नाही, ओला भाग रोज सकाळी काढते, पूर्ण ट्रे दर दोन-तीन दिवसांनी. पांढरा थर काढायला साधं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, पंधरा मिनिटं ठेवलं की खरवडूनसुद्धा काढावं लागत नाही. फिनेल मात्र नाही! आपल्याकडे लादी पुसणाऱ्या मावशींना फिनेलशिवाय साफ झाल्यासारखं वाटतच नाही, आमच्या मावशींनी माझ्याशी यावरून आठवडाभर अबोला धरला होता, पण फिनेल सशासाठी विषारी आहे, पाय चाटून चाटून ते पोटात जातं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचंही तसंच, त्या गोळ्यांत ठेवलेली जुनी चादर काढून थेट सशाला घालू नका. उदबत्ती, डासांची कॉइल त्या खोलीत बंद.

ट्रेच्या बाहेर, जिथे ते दोघं लोळतात, तिथे फ्लीस. हे कापड मला स्वेटरवाल्यांच्या गल्लीत मीटरवर मिळालं. फ्लीसचे दोरे निघत नाहीत आणि ते पाणी स्वतः न पिता खाली सोडतं, अट एवढीच की आधी चार-पाच वेळा धुतलेलं पाहिजे, नवंकोरं असताना पाणी वरच थांबतं, आणि फॅब्रिक सॉफ्टनर घातलं की परत तेच. फ्लीसखाली जुनी सुती चादर चौघडी करून, कडा लाद्यांखाली दाबून, नाहीतर बत्तासा पंधरा मिनिटांत सगळं गुंडाळून एका कोपऱ्यात ढकलतो आणि आपल्याकडे असं बघतो की जणू आता झालं बरोबर. टर्किश टॉवेल नको, त्या बारीक वळ्यांत नखं अडकतात, घाबरून ओढलं की नख उपटून येतं. प्लॅस्टिकची चटई नको, खातात. बाजारातली शिंदीच्या पानांची चटई छान, रंग नसलेली बघून घ्यायची, खाल्ली तरी हरकत नाही, महिन्याला एक फस्त होते. आणि जो ससा फ्लीससुद्धा मन लावून खातो त्याला फ्लीसही द्यायचं नाही, गुळी तशी नाही, बत्ताशावर माझं लक्ष असतं.

फ्लीस मशीनमध्ये टाकण्याआधी गच्चीवर नेऊन झटकायचं, नाहीतर मशीनच्या पाइपात सशाच्या केसांचा नमदा तयार होतो. मेकॅनिकने तो चिमट्याने ओढून काढला तेव्हा विचारलं, 'मॅडम, हा कुठला प्राणी?' मला क्षणभर वाटलं जिवंतच निघाला.

उन्हाळ्याचं गणित परत वेगळं. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, तीस डिग्रीच्या पुढे त्याला धोका सुरू होतो आणि आपलं पुणं एप्रिलमध्ये चाळीसला टेकतं. तेव्हा मी अंथरूण अर्धं काढून टाकते. एक शहाबादी फरशी आणलीय, ती ओल्या फडक्याने पुसून ठेवते, बत्तासा तिच्यावर चपटा होऊन पडतो. फ्रीझरमध्ये पाण्याची बाटली गोठवून कापडात गुंडाळून शेजारी. पण फरशी ही पूर्णवेळची जमीन नव्हे हं, कडक जमिनीवर सतत राहिला की परत टाचा. तिच्याजवळच मऊ जागा हवी, त्याला पाहिजे तिकडे तो जातो, ते त्याला बरोबर कळतं.

पावसाळा मला उन्हाळ्यापेक्षा भीतीदायक वाटतो. फ्लीस वाळत नाही, गवत दमट होतं, आणि माश्या. सशाचं बूड ओलं किंवा घाण राहिलं तर माशी तिथे अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. मी हे एकदा दुसऱ्यांच्या सशाचं बघितलंय, वर्णन करत नाही. जून ते सप्टेंबर रोज दोन्ही वेळा उचलून मागची बाजू बघायची, खिडकीला जाळी लावायची, आणि फ्लीसचे निदान चार जोड ठेवायचे म्हणजे ओलं घालायची पाळी येत नाही. आणि घाण झालाय म्हणून अंघोळ घालू नका कृपा करून, भीतीने आणि गारठ्याने ससा मरू शकतो, ओल्या फडक्याने तेवढाच भाग पुसायचा.

गुळीची एक गंमत सांगायची राहिली. तिचं ऑपरेशन व्हायच्या आधी, जानेवारीत, एके सकाळी बघते तर बाई तोंडात आडवं गवत धरून चाललीय, दोन्ही बाजूंना लांब मिशा आल्यासारखं, आणि फ्लीसच्या मागे कोपऱ्यात नेऊन रचतेय. बत्ताशाला जवळ येऊ देईना, गुरगुरते. दुपारी स्वतःच्या गळ्याखालचे केस उपटून त्यावर घालायला लागली. माझ्या पोटात गोळा, कारण सशाचा गर्भकाळ जेमतेम एकतीस दिवसांचा असतो, आणि बत्ताशाचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते, मग हे कसं? डॉक्टर फोनवर हसल्या. खोटं गर्भारपण. सशिणींना होतं, सोळा-सतरा दिवसांत आपोआप उतरतं. घरटं मोडू नका म्हणाल्या, नाहीतर ती परत नव्याने केस उपटेल. तर तेवढे दिवस आमच्या घरात सगळ्यात उत्तम बेडिंग तिने स्वतः केलेलं होतं. खाली पेंढ्याची वाटी, आत स्वतःची फर, मी हात घातला तर आत खरोखर ऊब होती. मी एवढे पैसे घालून, एवढं वाचून जे जमवत होते ते हिने एका दुपारात उरकलं.

लेंड्या आणि जुना पेंढा शेजारच्या काकू नेतात. सशाचं खत कुजवायला लागत नाही, थेट कुंडीत घातलं तरी झाड जळत नाही, त्यांचा कढीपत्ता आता दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत गेलाय आणि आम्हाला तो विकत घ्यावा लागत नाही.

बत्ताशाच्या पायाचं विचाराल तर जाळी काढल्यापासून अडीच-तीन महिन्यांत उजव्या टाचेवर पूर्ण फर आली. डाव्यावर चवलीएवढं टक्कल राहिलं ते राहिलंच. दर रविवारी बघते, नखंही त्याच दिवशी कापते. डॉक्टर म्हणाल्या, लाल नाही ना, सूज नाही ना, मग राहू दे.